किमया समजून घ्यायची असेल तर सोन्यापासून सुरुवात करू नका

किमया म्हणजे साध्या धातूचे सोने करू पाहणारी जुनी विद्या, इंग्रजीतली अल्केमी. तिच्याकडे मी चित्रांच्या वाटेने गेले आणि तिथेच अडकले. स्वतःची शेपटी गिळणारा साप, एकाच हौदात अंघोळ करणारे राजा-राणी, सूर्याचा लचका तोडणारा हिरवा सिंह. चित्रे देखणी, पण डोक्यात काही शिरेना. चार-पाच महिने मी वहीत नुसती प्रतीके उतरवत होते. मोडीची अक्षरे न गिरवता थेट जुने दफ्तर उघडून बसावे, तसा प्रकार.

मग क्रम उलटा केला. आधी या लोकांचे पदार्थाविषयीचे म्हणणे काय होते ते समजून घेतले, चित्रे शेवटी ठेवली आणि गाडी रुळावर आली. तो क्रम इथे देते आहे. यातून सोने तयार होणार नाही. मात्र किमयेचे जुने पान समोर आले तर त्यात काय चालले आहे ते बऱ्यापैकी कळेल.

आधी हाताशी काय हवे

- तीन रकान्यांची वही. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात त्या लेखकाला बहुधा काय म्हणायचे आहे, तिसऱ्यात आपण आज त्या पदार्थाला काय म्हणतो.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको. तिसरा रकाना खूप वेळा खोडावा लागतो.
- शतकांची एक आडवी पट्टी. नाव भेटले की त्यावर टाकायचे.
- कोणत्याही मूळ ग्रंथाचे टीपांसह भाषांतर, जमल्यास दोन वेगवेगळी.
- मूलद्रव्यांची आवर्तसारणी. ती घडी करून वहीच्या शेवटी खोचा आणि सांगेपर्यंत उघडू नका.
- सातव्या पायरीसाठी एक लोखंडी खिळा, चिमूटभर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), काचेचा ग्लास आणि हातमोजे.

पारा आणू नका. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही आणि शरीरात जाते. पारा, शिसे, हरताळ, मनशीळ (ही शेवटची दोन आर्सेनिकची खनिजे) यांची जुनी कृती घरी करून बघण्याचा मोह कितीही झाला तरी ती कागदावरच ठेवा.

पायरी १: कोणती किमया ते ठरवा

‘किमया’ हा शब्द आपल्याकडे अरबी ‘अल-कीमिया’वरून फारसीच्या मार्गाने आला. त्याच शब्दाने युरोपात वेगळे रूप घेतले. पण शब्द एक असला तरी परंपरा अनेक आहेत. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ग्रीक भाषेत लिहिणारे लोक, त्यांच्यानंतर अरबी लेखक, त्यांच्याकडून शिकलेला लॅटिन युरोप ही एक सलग साखळी आहे. चिनी परंपरेचा ओढा सोन्यापेक्षा अमरत्वाकडे जास्त. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे पाऱ्याच्या जुन्या भारतीय विद्येत, दोन्ही आहे: तिच्यातला ‘रसार्णव’ हा ग्रंथ म्हणतो ‘यथा लोहे तथा देहे’, म्हणजे पारा जसा धातूवर चालतो तसाच देहावर.

नवख्याने एकच परंपरा धरावी. मी इथे ग्रीक-अरबी-लॅटिन साखळी धरली आहे, कारण तिच्यात कोणी कोणाचे म्हणणे खोडले हे ओळीने दाखवता येते.

सापळा: मराठी वाचक ‘चार तत्त्वे’ वाचले की लगेच पंचमहाभूते लावतो. मीही लावली होती. आकाश कुठे बसवायचे यात एक आठवडा गेला. दोन्ही चौकटी वेगळ्या प्रश्नांसाठी बांधलेल्या आहेत, त्या एकमेकींवर चढवू नका. शब्दांचेही तसेच. मराठीत जारणमारण म्हटले की करणी आठवते. रसशास्त्रात पाऱ्याला दुसरा पदार्थ ‘पचवायला’ लावणे म्हणजे जारण, आणि धातूची भस्म करणे म्हणजे मारण.

पायरी २: चार गुण पाठ करा

अ‍ॅरिस्टॉटलच्या (इ.स.पू. ३८४-३२२) मते पृथ्वीवरचे सगळे काही अग्नी, वायू, जल आणि पृथ्वी यांचे बनते. पण किमयेसाठी या चार नावांपेक्षा त्यांच्याखालचे गुण महत्त्वाचे: उष्ण, शीत, ओले, कोरडे. अग्नी उष्ण-कोरडा, वायू उष्ण-ओला, जल शीत-ओले, पृथ्वी शीत-कोरडी.

आता एक गुण बदलून बघा. पाण्यातला शीतपणा काढून उष्णता घातली की उरते उष्ण-ओले, म्हणजे वायू. पाणी उकळताना डोळ्यांसमोर हेच घडते. या चौकटीत एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर होणे हा चमत्कार नाही, ती रोजची गोष्ट आहे. पाण्याची वाफ होते, लाकडाची राख होते, मग शिशाचे सोने का होऊ नये? हा प्रश्न त्या चौकटीत अगदी सरळ आहे. तो वेडगळ वाटतो तो आपण शाळेत अणू शिकून आलो म्हणून.

म्हणूनच आवर्तसारणी घडी करून ठेवायला सांगितली.

पायरी ३: गंधक आणि पारा

सगळ्या किमयेचा कणा हा आहे, इथे घाई करू नका.

अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले होते, की जमिनीच्या पोटातून दोन प्रकारचे उच्छ्वास निघतात, एक ओलसर वाफेसारखा आणि एक कोरडा धुरासारखा. धातू आणि खनिजे त्यांतून घडतात. अरबी लेखकांनी हा विचार पुढे नेला आणि म्हटले: सगळे धातू दोन तत्त्वांच्या मिलाफातून बनतात, पारा आणि गंधक. आठव्या शतकातल्या जाबिर इब्न हय्यानच्या नावावर असलेल्या ग्रंथांत हा सिद्धान्त पक्का बसलेला दिसतो. दोन्ही तत्त्वे अगदी शुद्ध आणि नेमक्या प्रमाणात मिळाली तर सोने. कुठे मळ राहिला, कुठे प्रमाण चुकले, तर शिसे, कथील, लोखंड.

पण हेच दोन पदार्थ का? मला हे कळायला वेळ लागला, म्हणून भट्टीपाशी उभे राहून बघू. कुठलाही धातू वितळवा. शिसे असो की चांदी, तो मुशीत चकचकीत, जड, थरथरणारा द्रव होतो, थेट पाऱ्यासारखा. म्हणजे प्रत्येक धातूच्या आत पारा दडलेला असणार, असे वाटणे साहजिक. आता खाणीतून काढलेले खनिज भाजा. कितीतरी खनिजांतून गंधकाचा घशाला झोंबणारा वास येतो. आज आपण म्हणतो, की शिसे, तांबे, पारा यांची नेहमीची खनिजे त्या त्या धातूची गंधकाशी झालेली संयुगेच आहेत. त्या माणसाच्या नाकाने त्याला बरोबर सांगितले होते, अर्थ तेवढा वेगळा लावला गेला.

आणि हिंगुळ. लालभडक दगड, तापवला की त्यातून पारा ओघळतो. उलट पारा आणि गंधक खलात एकत्र घोटले की काजळासारखी काळी पूड होते, आपल्या वैद्यांची कज्जली. तीच पूड बंद भांड्यात तापवली की वर उडून थंड भागात बसते, आणि खरवडून वाटली की लाल. दोन पदार्थ, मधे मरणकळा आल्यासारखा काळा रंग, शेवटी रक्तासारखा लाल. हे समोर बघितलेल्या माणसाला गंधक-पाऱ्याचा सिद्धान्त कोणी पटवून द्यावा लागत नाही.

सापळा, आणि हा सगळ्यात मोठा: ग्रंथातला ‘पारा’ म्हणजे दरवेळी बाटलीतला पारा नव्हे. बहुतेक वेळा तो धातूंमधल्या वितळणाऱ्या, चमकणाऱ्या, उडून जाणाऱ्या बाजूचे नाव असतो. ‘गंधक’ हे जळणाऱ्या, रंग देणाऱ्या बाजूचे. लेखक स्वतःच ‘आमचा पारा’ म्हणतात तिथे कान टवकारा. मी वहीत अशा पाऱ्याभोवती चौकोन काढते. पहिल्या वहीत एकही चौकोन नाही, त्यामुळे ती वही आज निरुपयोगी आहे.

सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने (१४९३-१५४१) या जोडीला तिसरे तत्त्व दिले, मीठ. जळते लाकूड डोळ्यांपुढे आणा. ज्वाला म्हणजे गंधक, धूर म्हणजे पारा, राख म्हणजे मीठ. सोन्यापेक्षा औषध बनवणे हे त्याच्या मते किमयेचे खरे काम. ग्रंथात तीन तत्त्वे दिसली तर तो त्याच्यानंतरचा, एवढा अंदाज शतकांच्या पट्टीसाठी पुरतो.

पायरी ४: धातू पिकतात, हे गृहीत धरा

झाडावर आंबट कैरीचा गोड आंबा होतो, तसे जमिनीच्या पोटात हलक्या प्रतीचे धातू हळूहळू सोन्याकडे सरकतात, अशी समजूत होती. याला पुरावा नव्हता असे नाही. शिशाच्या खनिजात बहुधा थोडी चांदी असतेच. ते शिसे हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून खूप तापवले, की शिशाचे मुरदाडशिंग (हवेशी झालेले शिशाचे संयुग) होते, ते वाटी शोषून घेते आणि शेवटी तळाशी चांदीचा एक लखलखीत मणी उरतो. आपण म्हणतो चांदी आधीच आत होती. तो माणूस म्हणाला, शिशाचा तेवढा भाग पिकला होता.

किमयागाराचा दावा इतकाच, की निसर्ग हजार वर्षांत करतो ते मी भट्टीत लवकर करून दाखवतो.

धातू सात, ग्रह सात, म्हणून त्यांच्या जोड्याही लावल्या गेल्या: सोने-सूर्य, चांदी-चंद्र, पारा-बुध, तांबे-शुक्र, लोखंड-मंगळ, कथील-गुरू, शिसे-शनी. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘शनीला अंघोळ घाला’ असे वाक्य आले की तिचा उपयोग कळतो.

याला विरोधही घरातूनच झाला, आणि तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. इब्न सीना (९८०-१०३७) हा अरबीत लिहिणारा वैद्य आणि तत्त्वज्ञ धातूंची उत्पत्ती पारा आणि गंधकातूनच मानत होता. तरी त्याने स्पष्ट लिहिले, की किमयागार धातूचा रंग आणि रूप इतके हुबेहूब बदलतात की पाहणारा फसावा, पण धातूची मूळ जात त्यांना बदलता येत नाही. गंमत पुढे आहे. इ.स. १२००च्या सुमारास हा मजकूर लॅटिनमध्ये गेला तो अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथाच्या शेवटी जोडून, आणि लोकांनी तो अ‍ॅरिस्टॉटलचाच समजला. खुद्द गुरूच नाही म्हणतो म्हटल्यावर किमयागारांना उत्तरे शोधणे भागच पडले. त्यांचे एक उत्तर: धातूवरचा साज बदलू नका, आधी त्याला त्याच्या मूळ द्रव्यापर्यंत मोडा, मग नवे रूप द्या. पदार्थ कुजवायच्या, ‘मारायच्या’ ज्या कृती पुढे भेटतात, त्यांच्यामागे हा विचार आहे.

पायरी ५: परीस म्हणजे दगड नव्हे

आपला परीस लोखंडाला नुसता लागला की काम झाले. त्या परंपरेतला परीस बहुतेक वर्णनांत एक जड, लाल पूड असते. तिचा कण मेणात किंवा कागदात गुंडाळून वितळलेल्या धातूत टाकायचा. धातू आजारी आहे, परीस हे त्याचे औषध. ‘अल-इक्सीर’ हा अरबी शब्द मुळात जखमेवर भुरभुरायच्या कोरड्या पुडीच्या ग्रीक नावावरून आला, यावरून कल्पना यावी.

हे औषध तयार होताना रंग ठरल्या क्रमाने येतात: काळा, पांढरा, पिवळा, लाल. हा क्रम ग्रीक-इजिप्शियन काळापासून आहे. इ.स. ३०० च्या आसपास लिहिणाऱ्या झोसिमॉस या इजिप्तमधल्या ग्रीक किमयागाराच्या जगात धातू ‘रंगवणे’ हाच मुख्य उद्योग होता. इजिप्तमध्ये सापडलेल्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या दोन पपायरसांमध्ये (लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितांमध्ये), जे आज लायडन आणि स्टॉकहोममध्ये आहेत, नकली सोने-चांदी, नकली रत्ने आणि कापडाचे रंग यांच्या कृती शेजारी शेजारी आहेत. पुढच्या ग्रंथांत कावळा दिसला तर काळा टप्पा, हंस दिसला तर पांढरा, एवढे बहुतेकदा चालून जाते. पिवळा टप्पा नंतरचे बरेच लेखक गाळतात.

पायरी ६: आता चित्रे उघडा

टोपणनावे का वापरली? गुपित राखायला, कायद्याच्या भीतीने, आणि थोडे भाव खायलाही. पोप जॉन बाविसाव्याने १३१७ मध्ये खोटे सोने करणाऱ्या किमयागारांविरुद्ध फर्मान काढले. इंग्लंडमध्ये १४०४ च्या कायद्याने सोने-चांदी ‘वाढवणे’ गुन्हा ठरला, तो कायदा १६८९ पर्यंत लागू होता. रद्द व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत रॉबर्ट बॉइल होता, रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला तोच.

चित्र वाचायची माझी पद्धत एका प्रश्नाची आहे: विस्तवावर काय ठेवले आहे?

बॅसिल व्हॅलेंटाइनच्या नावावरच्या प्रसिद्ध कोड्यात करडा लांडगा राजाला खातो, मग लांडग्याला आगीत जाळतात आणि राजा आणखी तेजस्वी होऊन बाहेर येतो. राजा म्हणजे सोने, हे सोपे. लांडगा म्हणजे सुरम्याचे करडे, चमकते खनिज, अँटिमनी आणि गंधक यांचे संयुग. हिणकस सोने त्यासोबत वितळवले तर हिणातले तांबे आणि चांदी गंधकाला चिकटून वर तरंगतात, सोने अँटिमनीसोबत तळाला बसते. पुढे जोराने तापवले की अँटिमनी उडून जाते, सोने राहते. लांडगा जळाला, राजा उठला. यात गूढ काही नाही, सोने शुद्ध करायची ती कामाची रीत आहे. हे उलगडले त्या दिवशी मी रात्री दोनपर्यंत जागी होते.

या पायरीवरचे सापळे:

एकच नाव दोन लेखकांकडे दोन पदार्थांचे असू शकते. हिरवा सिंह कोणाकडे हिराकस (लोखंडाचा हिरवा क्षार), कोणाकडे भलतेच काही.

मजकूर मुद्दाम विखुरलेला असतो. जाबिरच्या ग्रंथांत तर ही जाहीर पद्धतच आहे: कृतीचा एक तुकडा इथे, दुसरा तिसऱ्याच पुस्तकात. एका पानावरून कृती पूर्ण होत नसेल तर दोष तुमचा नाही.

नावांवर विश्वास टाकू नका. जाबिरच्या नावावरचा सगळा पसारा एका माणसाचा मानणे अवघड आहे. जाबिरच्याच नावाचे लॅटिन रूप घेऊन लिहिणारा तेराव्या शतकातला ‘गेबर’ वेगळाच लेखक. पंधराव्या शतकातला भिक्षू म्हणून मिरवणाऱ्या बॅसिल व्हॅलेंटाइनची पुस्तके छापून आली ती १५९९ पासून.

आणि ‘हे सगळे मनाच्या शुद्धीचे रूपक आहे’ असे सांगणारी पुस्तके सुरुवातीला बाजूला ठेवा. धर्म आणि ध्यान त्या लोकांच्या कामात होते, नाकारत नाही. पण भट्टी गाळून फक्त रूपक वाचायची रीत बरीचशी एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली आहे. करडा लांडगा रूपक मानला असता तर मला सोने शुद्ध करायची रीत कधीच दिसली नसती.

पायरी ७: खिळा

हातमोजे घाला. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात मोरचूद विरघळवा, निळेशार होईल. खिळा घासून स्वच्छ करा आणि अर्धा बुडवा. थोड्याच वेळात बुडालेल्या भागावर लालसर थर चढतो. बोटाने पुसलात तर पूड हाताला येते, तांब्याची. वरचा अर्धा खिळा करडाच. तसाच ठेवलात तर पाण्याचा निळा रंगही फिका पडत जातो.

तांब्याच्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यात लोखंड टाकले की असेच होई, आणि लोखंडाचे तांबे झाले याचा हा ढळढळीत पुरावा मानला गेला. आवर्तसारणी विसरून पाच मिनिटे त्या खिळ्याकडे बघा आणि लोखंडाचे तांबे झाले नाही हे, फक्त डोळ्यांनी दिसते तेवढ्यावर, सिद्ध करायचा प्रयत्न करा. मला जमले नाही. मोरचूद विषारी आहे, ग्लास पुन्हा पिण्याला वापरू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पायरी ८: आता घडी उघडा

आवर्तसारणीत सोने ७९ वर, पारा ८० वर, शिसे ८२ वर. शेजारीच आहेत, पण मधली भिंत अणूच्या गाभ्यात आहे आणि भट्टीची आच तिथवर पोचत नाही. १९८० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ ग्लेन सीबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ या धातूचे काही अणू सोन्यात बदलले, ते कणत्वरकाने, म्हणजे अणूचे कण प्रचंड वेगाने आदळवणाऱ्या यंत्राने. खर्च मिळालेल्या सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट.

पण सारणी उघडली म्हणून मागच्या सात पायऱ्या फेकू नका. ज्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांची ३३ नावांची यादी केली, त्याने तीत प्रकाश आणि उष्णताही धरली होती. न्यूटनने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले. हॅम्बर्गच्या हेनिग ब्रांटला १६६९ मध्ये मूत्र आटवून परीस शोधताना फॉस्फरस सापडला.

एक गोष्ट मात्र सारणी उघडल्यावरच कळते. इतिहासकार लॉरेन्स प्रिन्सिपे यांनी बॅसिल व्हॅलेंटाइनच्या नावावरची अँटिमनीची पिवळी काच बनवायची कृती प्रयोगशाळेत करून पाहिली. शुद्ध रसायने वापरली आणि काच काही होईना. खाणीतले खनिज वापरले तेव्हा झाली, कारण त्यात थोडी वाळूसारखी सिलिका मिसळलेली होती. मूळ लेखकाला तिचा पत्ता नव्हता. कृती खरी होती, घटकांची यादी अपुरी होती. म्हणून कृती ‘चालत नाही’ असे दिसले तर लेखकाला लबाड म्हणण्याआधी त्याचा माल कुठल्या खाणीचा होता ते शोधा. लबाडही भरपूर होते, पण कसोटीचा दगड आणि राखेची वाटी असलेल्या सोनाराला फसवणे तितके सोपे नव्हते.

इथून पुढे एक छोटा ग्रंथ निवडा, दहा-बारा पानांचा, आणि तीन रकाने भरत जा. ‘पाचूची पाटी’ म्हणून प्रसिद्ध असलेला मजकूर नवख्यांना पहिल्यांदा सुचवला जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यावा, एका पानाच्या त्या मजकुरात विस्तवावर काय ठेवले आहे हेच कळत नाही. जिथे भांडी, वजने, आच आणि वास यांचे उल्लेख आहेत असा काहीतरी घ्या. तिसरा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. माझ्या वहीत हिरव्या सिंहापुढे पेन्सिलीने तीन नावे लिहिलेली आहेत, दोन खोडली आहेत आणि तिसऱ्यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.